अठरा तास ठीक, अठरा मिनिटांचं काय?

मे महिना लागला की आपल्या वस्त्यांतल्या पोरांचे रस्ते ठरलेले. दहावीत जाणारा असेल तर व्हेकेशन बॅच. घरची ओढाताण असेल तर बापाच्या ओळखीनं कुठल्यातरी दुकानात नाहीतर गॅरेजात हाताखाली. लहान असेल तर सकाळी गल्लीत क्रिकेट आणि ऊन चढलं की पत्र्याखाली मोबाईल. पोरीचा रस्ता वेगळाच : पाणी, भांडी, धाकट्या भावाला कडेवर घेणं. या सगळ्या रस्त्यांवर पुस्तक कुठं भेटतच नाही. भेटलंच तर पुढच्या यत्तेचं, शेजारच्या पोराकडनं अर्ध्या किमतीत घेतलेलं, कोपरे दुमडलेलं.

त्या क्रमिक पुस्तकाबद्दल मला आज बोलायचं नाही. मला बोलायचंय ते गोष्टीच्या पुस्तकाबद्दल. भुताच्या, चोर-पोलिसांच्या, जंगलातल्या वाघाच्या, चंद्रावर जाणाऱ्या पोराच्या. ज्यावर परीक्षा नाही, मार्क नाहीत, प्रमाणपत्र नाही. निव्वळ मजा म्हणून वाचायच्या पुस्तकाबद्दल.

चळवळीच्या अंकात हा काय पोरखेळ, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठीच हे संपादकीय आहे. एका दोस्तानं तर मला तोंडावर विचारलं, इकडं अत्याचार थांबत नाहीत, शिष्यवृत्त्या अडकून पडतात, पदवीधर पोरं दारोदार पार्सलं पोचवत फिरतात, आणि तुम्ही पोरांना परीकथा वाचायला सांगता? हो, सांगतो. आणि याच सगळ्यासाठी सांगतो.

दरवर्षी एप्रिलात आपल्याकडं 'अठरा तास अभ्यास' होतो. कॉलेजात, वसतिगृहात, विहारात. पोरंपोरी सकाळी सहाला बसतात ते मध्यरात्रीला उठतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत, ही आपल्या घराघरातली गोष्ट आहे. या उपक्रमाला माझा सलाम आहे. जयंतीच्या भोंग्यांपेक्षा तो हजारपट बरा. पण दहा वर्षांचं पोर त्या हॉलच्या दारातून आत डोकावतं तेव्हा त्याला काय दिसतं? त्याला दिसतं, वाचणं म्हणजे बूड टेकून सोसायची गोष्ट. उपवासासारखी. उपवास सुटला की दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा उपवास धरत नाही, जेवतो. पोरांना पुस्तकाची भूक लागायला हवी होती. आपण त्यांना पुस्तकाचा उपवास दाखवतो.

बाबासाहेबांचं चरित्र आपण पोरांना अर्धंच सांगतो. परळच्या डबक चाळीतली एक खोली सांगतो, रात्री दोनला उठून केलेला अभ्यास सांगतो. ते खरंच आहे. पण त्याच चरित्रात सुभेदार रामजी आहेत. पोराला पुस्तक हवं म्हटलं की ते लग्न झालेल्या मुलींच्या घरी जायचे. पैसे मिळाले तर ठीक, नाहीतर मुलीचा दागिना मागून आणायचा, सावकाराकडं गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवायचा. त्याच चरित्रात चर्नी रोडची बाग आहे. शाळा सुटल्यावर भीमराव तिथं वाचत बसायचे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना तिथंच हेरलं. पुढं १९०७ साली मॅट्रिक पास झाल्यावर सत्कार झाला तेव्हा याच गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांच्या हातात ठेवलं. हे परीक्षेचं पुस्तक नव्हतं. परीक्षा तर संपलेली होती! परीक्षा संपल्यावर दिलेल्या एका पुस्तकानं या देशात काय घडवलं, ते मी तुम्हांला सांगायची गरज नाही.

न्यूयॉर्कला असताना पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं गोळा करणारे बाबासाहेब. १९१७ साली सामानाचं जहाज बुडालं, त्यात पुस्तकं गेली, तरी पुन्हा जमवायला लागणारे बाबासाहेब. पुस्तकांना जागा हवी म्हणून दादरला 'राजगृह' बांधणारे बाबासाहेब. शिक्षा म्हणून कुणी असं वाचत नाही. हा माणूस पुस्तकांचा शौकीन होता. अठरा तास आपण लक्षात ठेवले, शौक विसरलो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या देशात फावला वेळ वतनासारखा वाटला गेला. काहींना पिढ्यान्‌पिढ्या मिळाला, काहींच्या नशिबी त्यांच्या फावल्या वेळाची सोय बघणं आलं. ज्यांना मिळाला त्यांच्या आत्मचरित्रात एक उन्हाळा हमखास असतो. मामाचा वाडा, आंब्याची अढी, माळ्यावर पालथं पडून फडशा पाडलेली पुस्तकं. आपल्या आत्मकथनांतला उन्हाळा वेगळा. तिथं आटलेला पाणवठा असतो, हंडा असतो, पोटातली आग असते. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्यानंतर आपण अशी कितीतरी आयुष्यं वाचली. पण माळ्यावर पालथं पडून पुस्तक वाचणारं पोर त्यात शोधावं लागतं.

म्हणून मी म्हणतो, आपल्या वस्तीतलं पोर दुपारी कोपऱ्यात पडून गोष्ट वाचतंय आणि मध्येच एकटंच हसतंय, हे साधं दृश्य नाही. कुणाच्या तरी मक्तेदारीला तिथं भोक पडतंय. आपण नोकऱ्यांत वाटा मागितला, जमिनीत मागितला, पाण्यात मागितला. गमतीत वाटा कधी मागणार?

आपल्याच घरात त्याला पहिला विरोध होतो. आई म्हणते, "काय कामधंदा नाही का? मघापासनं लोळतोय नुसता." तिला नावं ठेवू नका. तिला आयुष्यात कधी कुणी लोळू दिलेलं नाही. दहा तास दुसऱ्याची धुणीभांडी करून आलेल्या बाईला पडून राहिलेलं माणूस म्हणजे आजारी नाहीतर वाया गेलेलं, एवढंच ठाऊक. तिला भाषण देऊ नका. पोराला सांगा, तीच गोष्ट आईला मोठ्यानं वाचून दाखव. भाकरी थापता थापता ती ऐकेल. गोष्टीत रंगली की "पुढं काय झालं?" असं तीच विचारेल.

पोरींचं तर आणखी कठीण आहे. पोराला निदान सुट्टी मिळते, पोरीला सुट्टीत जादा पाळी लागते. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदया'त तो छापून आला. आज दीडशेहून जास्त वर्षांनी आपण तिच्या नावानं कार्यक्रम करतो. कार्यक्रमाला खुर्च्या मांडणाऱ्या, पाहुण्यांना चहा देणाऱ्या पोरी तिच्याच वयाच्या असतात. त्यांना रोजचा एक तास कुणी मोकळा करून देतं का? धाकटं भावंड एक तास भावाच्या कडेवर गेलं तर भाऊ झिजणार नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या माणसाला ही मजेची वाचनं परवडणारच नव्हती, ती आपली परंपराच नाही. साफ खोटं. गिरणगावाला विचारा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड. साहित्याच्या दरबारात त्यांना कुणी विचारलं नाही, पण ती पुस्तकं चाळीचाळीतून हातोहात फिरली. भाड्यानं आणायची, रात्रीत संपवायची. आणि अण्णा भाऊ साठे? वाटेगावच्या शाळेत जेमतेम दीड दिवस. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत या माणसानं अक्षरं कमावली. त्या पाट्यांवर कुणी त्यांची परीक्षा घेतली नव्हती. काय लिहिलंय ते कळलंच पाहिजे, एवढी ओढ होती. त्या ओढीनंच १९५९ साली 'फकिरा' मराठीला दिली.

माझ्या लहानपणी आमच्या वस्तीजवळ एक वाचनालय होतं. नाव घेत नाही. कपाटांना कुलपं. काचेतून नुसते कणे दिसायचे. पुस्तक हवं तर चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. ज्या पोरानं पुस्तक कधी हातात धरलं नाही ते नाव काय लिहिणार, कपाळ? वर टेबलामागचा माणूस आमच्या हातांकडं बघायचा, मळके आहेत का म्हणून. आम्ही रद्दीवाल्याकडं जायला लागलो. तिथं कुलूप नव्हतं. 'चांदोबा'चे फाटके अंक, मुखपृष्ठ गेलेल्या रहस्यकथा, शेवटची पानं नसलेली पुस्तकं. शेवट आम्हीच जुळवायचो आणि त्यावरून भांडायचो. आमची साहित्यचर्चा तिथं सुरू झाली.

ज्यांना प्रत्येक गोष्टीचा फायदा विचारल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी दोन परदेशी दाखले देतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या १७ शाळांत गरीब पोरांबरोबर एक प्रयोग झाला. पोरं बहुतेक काळी आणि लॅटिन वंशाची. गरिबांची पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनात मागं पडतात, कारण घरी पुस्तक नसतं, असं तिथल्या अभ्यासकांना दिसलं होतं. रिचर्ड अॅलिंग्टन, अॅन मॅकगिल-फ्रान्झेन आणि त्यांच्या साथीदारांनी काय केलं? सुट्टीच्या आधी पुस्तकांची जत्रा भरवली. प्रत्येक पोरानं आपल्या पसंतीची बारा पुस्तकं निवडायची. ती त्याचीच, परत द्यायची नाहीत. असे लागोपाठ तीन उन्हाळे. शिकवणी नाही, मास्तर नाही. पोरांनी गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्टार लोकांवरची पुस्तकं हौसेनं उचलली, कुणी नाक मुरडलं नाही. २०१० साली निष्कर्ष छापून आले. पुस्तकं मिळालेली पोरं वाचनात तशाच गरीब पण पुस्तकं न मिळालेल्या पोरांच्या पुढं गेली होती. जे सर्वांत गरीब, त्यांचा फायदा सर्वांत जास्त.

दुसरा दाखला. २००० साली ३२ देशांतल्या पंधरा वर्षांच्या पोरांची 'पिसा' नावाची परीक्षा झाली. भारत त्यात नव्हता. खालच्या दर्जाची कामं करणाऱ्या आईबापांची पण वाचनाची दांडगी गोडी असलेली पोरं सरासरी ५४० गुणांवर होती. बड्या हुद्द्यांवरच्या आईबापांची पण वाचनाची गोडी नसलेली पोरं ४९१ वर. बापाच्या खुर्चीपेक्षा पोराची गोडी वरचढ ठरली. पण हे आकडे पुढं करून मी गंमत विकत नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की गोष्टी वाचून एकही मार्क वाढत नाही, तरी मी म्हणेन, वाचू द्या. मार्कांसाठी जगायला पोरं जन्माला आली नाहीत.

सरकार काय करतं? सरकार दिवस साजरे करतं. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी शाळेतली पेटी उघडते, फोटो निघतो, पेटी बंद. २०१७ साली महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलारला 'पुस्तकांचं गाव' झालं. पर्यटक जातात, स्ट्रॉबेरी खातात, पुस्तक चाळतात. भिलारचा मला राग नाही. माझा सवाल एवढाच, की पुस्तकांची वस्ती कधी होणार? लेबर कँपात, येरवड्यात, ताडीवाला रोडला? मद्रास प्रांतानं १९४८ साली ग्रंथालयांचा कायदा केला तेव्हा घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा कर लावला. महाराष्ट्रानं १९६७ साली कायदा केला, कर काही लावला नाही. तेव्हापासून आपली वाचनालयं अनुदानाच्या तारखेकडं डोळे लावून बसलेली आहेत. हक्काच्या पैशासाठी भांडलंच पाहिजे. पण कायदा बदलेपर्यंत आजचं दहा वर्षांचं पोर पंचविशीचं होईल. त्याची ही सुट्टी आत्ता चालली आहे.

म्हणून काय करायचं ते सांगतो. १४ एप्रिलची वर्गणी जमा होते आणि पाठोपाठ शाळांना सुट्टी लागते. हिशेब मंडळाच्या हातात असतो. डीजेच्या भिंतीतला एक बॉक्स कमी करा. रद्दीची दुकानं, रस्त्यावरची जुनी पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त चित्रपुस्तकं, बालभारतीचं 'किशोर'. पाच-सहा हजारांत शंभरेक पुस्तकं सहज उभी राहतात. 'किशोर' १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत, म्हणजे त्या मोबाईलचाही उपयोग होईल. एक पत्र्याची पेटी घ्या. विहारात नाहीतर समाजमंदिरात ठेवा. दुपारी तीन ते पाच, जेव्हा घरात पत्रा तापलेला असतो आणि विहारात पंखा असतो, तेव्हा ती उघडी पाहिजे.

उद्घाटन नको. प्रमुख पाहुणा तर नकोच. कुलूप फक्त रात्री. पोरानं स्वतः हात घालून पुस्तक काढायचं, हात मळके असले तरी. अर्ध्यात कंटाळा आला तर पुस्तक टाकून दुसरं घ्यायचं. तेच पुस्तक दहा वेळा वाचायचं असेल तर दहा वेळा. सातवीतल्या पोराला पहिलीचं चित्रांचं पुस्तक घ्यावंसं वाटलं तर हसायचं नाही. त्याच्या वाट्याला पहिलीत ते आलंच नव्हतं. "काय समजलं सांग" असं कुणी विचारायचं नाही. "तात्पर्य काय?" हा प्रश्न तर वस्तीबाहेर हाकलून द्या. पुस्तक घरी न्यायला द्यायचं. काही हरवतील, काहींची होडी होईल. तो खर्च आधीच धरून चाला. कपाटात कोरं राहिलेलं पुस्तक मला चोरीला गेलेल्या पुस्तकापेक्षा जास्त खुपतं.

आणि तुम्ही कार्यकर्ते, तुम्ही रोज अठरा मिनिटं द्या. घड्याळ लावून. पोरांच्या घोळक्यात बसायचं आणि मोठ्यानं गोष्ट वाचायची. आवाज बदलून, हातवारे करून. मोर्च्यात घोषणा देणारे गळे आहेत तुमचे, वाघाची डरकाळी काढायला काय जातंय? अजून वाचता न येणारं पोर त्या अठरा मिनिटांत ठरवतं की हे आपल्यालाही आलं पाहिजे.

कुठली पुस्तकं, यावर आपल्यात भांडण होणार. व्हायलाच पाहिजे. मराठी बालसाहित्यातल्या पोराला बहुतेक वेळा स्वतःची खोली असते, डब्यात लाडू असतो, बाबा ऑफिसात असतात. आपलं पोर त्यात स्वतःला शोधतं आणि सापडत नाही. पण म्हणून ते पुस्तक त्याच्या हातून काढून घेऊ नका. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. आपलं पोर त्याच्याबरोबर सायकलवर बसून सुसाट सुटलं तर सुटू द्या. सगळं जग वाचायचा हक्क त्याचा आहे. फक्त ते परत येईल तेव्हा त्याच्या गल्लीचीही गोष्ट पेटीत असली पाहिजे. हैदराबादच्या 'अन्वेषी'नं २००८ साली 'डिफरंट टेल्स' नावाची मालिका काढली. दलित, मुसलमान, कष्टकऱ्यांच्या पोरांच्या गोष्टी, तेलुगू, मलयाळम आणि इंग्रजीत. २०११ साली दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांच्या चित्रांतून 'भीमायन' आलं. मराठीत आपण कविता लिहिली, कथा लिहिली, आत्मकथनं लिहिली, समीक्षा तर पोतं भरून लिहिली. आपल्याच पोरांसाठी किती लिहिलं? दादरला ६ डिसेंबरला मी पुस्तकांचे स्टॉल फिरतो. आईबाप पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात, अभिमान वाटतो. त्यांचं बोट धरलेल्या पोराच्या हातात मात्र बिल्ला असतो, नाहीतर एखादं चित्रमय चरित्र. नळावरच्या रांगेची, लोकलमधल्या धमालीची, आजीच्या शिव्यांची, बुटक्या शेजाऱ्याच्या कोंबड्याची गोष्ट त्या स्टॉलवर नसते.

चळवळीला याची गरज काय, असं विचारणाऱ्या दोस्ताला शेवटचं सांगतो. आपल्यात पदव्या वाढल्या. पण पदवी हातात पडली की पुस्तक हातातून सुटतं, हे तू रोज बघतोस. सुटणारच. कारण ते कामासाठी धरलं होतं, काम झालं. ज्याला लहानपणी चटक लागली तोच नोकरी लागल्यावरही वाचतो, संप मोडल्यावरही वाचतो, एकटा पडल्यावरही वाचतो. कुणी नेता काहीही सांगून गेला तर मूळ पुस्तक काढून बघतो. अशा माणसाला विकत घेणं अवघड असतं. हा अंक दहा वर्षांनी कोण वाचणार, ते आज दुपारी तीन ते पाच ठरणार आहे.

तेव्हा पुढच्या अंकासाठी कविता जरा कमी पाठवा. त्याऐवजी पोरांसाठी एकेक गोष्ट पाठवा. हसवणारी. आधी वस्तीतल्या चार पोरांना वाचून दाखवा. ती उठून पळाली तर पुन्हा लिहा. आणि पेटी उघडल्यावर तिच्या तोंडाशी उभे राहू नका, बाजूला सरका. पोरांना आत हात घालू द्या.

जय भीम.